चित्रपटावरचा निबंध गोष्टीतच अडकतो. खर्डा सुधारायचा कसा?

निळी_शाई

नमस्कार. मी सांगलीत मास कॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’वर (२०१४) १५०० शब्दांचा निबंध सोमवारपर्यंत द्यायचाय. दोन खर्डे झाले, दोन्ही परत आले.

पहिल्या वेळी मी रीतसर आराखडा केला होता: दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, अभिनय, संकलन. प्रत्येकाला एक परिच्छेद. लिहिताना कुठेच अडलं नाही. सुरुवातीला व्हेनिसचा पुरस्कार, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करसाठी भारतातर्फे निवड. मग गोष्ट: गटारात उतरून सफाई करणारा वासुदेव पवार मरतो, शाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवतात, आणि खटला तारखांवर चालत राहतो. मोजलं तर ७०० शब्द गोष्टीतच गेले होते. ‘कॅमेरा स्थिर आहे’ हे वाक्य चार ठिकाणी होतं. चौथ्यापाशी मॅडमनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘मग?’

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ते फार लागलं. दुसऱ्या खर्ड्यात मी वाक्यं घासून पुसून घेतली, काही शब्द बदलले, परिच्छेदांची जागा बदलली. ‘मग?’ होतं तिथेच राहिलं.

हा चित्रपट मला मनापासून आवडतो. लहानपणी बाबांबरोबर जमिनीच्या तारखेला कोर्टात जायचे. आमचा पुकारा होईपर्यंतचा बाकावरचा तो वेळ मला या चित्रपटात सापडला. पण निबंधात तो कुठेच उतरत नाही. तुम्ही आधी आराखडा करता, की आधी पुन्हा पाहता? आणि ‘सुधारणं’ म्हणजे नेमकं काय करता?

समासातली_ओळ

असे निबंध मी बरीच वर्षं तपासलेत, म्हणून लिहितो. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी ही खाती झाली. त्या आराखड्यात कुठे प्रश्नच नाही, मग उत्तर कुठून येणार? पुरस्कारांचा परिच्छेद आजच काढून टाका. तो कुठल्याही निबंधाला जोडता येतो, म्हणजे तो तुमचा नाही.

तुमचा निबंध ‘बाकावरचा तो वेळ’ या तीन शब्दांत आहे. चौकट रुंद आहे आणि कॅमेरा जागचा हलत नाही, तेव्हा प्रेक्षक म्हणून आपण कुठे बसलेलो असतो? जवळजवळ त्याच बाकावर. म्हणून मधेच दुसऱ्यांचे खटलेही आपल्याला ऐकावे लागतात. एका बाईंनी बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून न्यायाधीश त्यांचं प्रकरण ऐकतच नाहीत. शाहिराच्या खटल्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी तो प्रसंग ठेवलाय. का ठेवला असेल, तिथून सुरुवात करून बघा.

सुधारताना खर्ड्याची प्रिंट काढा. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात, तो काय म्हणतोय ते एका ओळीत लिहा. ‘मग बायकोची साक्ष होते’ अशी ओळ निघाली, तर तो परिच्छेद नुसती गोष्ट सांगतोय. वाक्यांना हात शेवटी लावायचा. एकदा घासूनपुसून घेतलेलं वाक्य काढवत नाही. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात तेच झालंय.

पायवाट_२२

माझं उत्तर सोपंय: आधी पुन्हा पाहा. आठवणीवर अजिबात विसंबू नकोस.

मी नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’वर लिहिलं होतं. शेवटी नायक जब्या भिरकावतो तो दगड त्याला चिडवणाऱ्या पोराला लागतो, असं मी ठामपणे लिहून मोकळा झालो आणि त्यावर सूडाचा अख्खा परिच्छेद रचला. सादर करायच्या आदल्या रात्री फक्त तो शेवट लावला. दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दगड आपल्याला मारलाय! परिच्छेद तर गेलाच, पण निबंधाचा रोखही तिथेच फिरला. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर डुक्कर धरायला धावणारं जब्याचं घर जागच्या जागी उभं राहतं, तो प्रसंगही मग वेगळा दिसायला लागला, कारण तिथेही प्रश्न आपल्यालाच येतो: आपण कुणाबरोबर उभे आहोत?

तेव्हापासून वहीत मधोमध रेघ मारतो. डावीकडे फक्त दिसलं आणि ऐकू आलं ते, मिनिट-सेकंदासकट. उजवीकडे मला काय वाटलं ते. उजवी बाजू भरली आणि डावी रिकामी राहिली, की पुन्हा तो तुकडा लावायचा.

निळी_शाई

दोघांचेही खूप आभार. काल रात्री रेघ मारून बसले. अख्खा चित्रपट नाही पाहिला, फक्त वासुदेवच्या बायकोची साक्ष, तीनदा.

डाव्या बाजूला आलं ते असं. ती आवाज चढवत नाही. नवऱ्याचा एक डोळा गेला होता, हे ती विचारल्यावर सांगते. गटारात उतरण्याआधी तो खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली की आत हवा आहे असं समजायचा, हेही ती त्याच सुरात सांगते. कॅमेरा तिच्याकडे झेपावत नाही. दुसऱ्या कुठल्या चित्रपटात इथे चेहरा जवळ आला असता, संगीत आलं असतं, आणि मी रडून मोकळी झाले असते. इथे मला ऐकत बसावं लागतं. चित्रपटभर न्यायाधीश लोकांचं बोलणं आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगत असतात, हेही तेव्हाच नीट कानावर पडलं. माणूस बोलतो एक आणि कागदावर उतरतं त्याहून कमी.

समासातल्या ओळी लिहिल्या तेव्हा अकरापैकी सात परिच्छेद गोष्टीचे निघाले, समासातली_ओळ काकांनी सांगितलं होतं तसंच. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेत, पुसायला अजून हात धजत नाही. आराखडा आता एका प्रश्नाचा आहे: हा चित्रपट आपल्याला ताटकळत का ठेवतो? बाबांबरोबरचा बाक दोन वाक्यांत आलाय, सुरुवातीला.

अडलंय ते शेवटापाशी. सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा काळा. मी तिथेच थांबले असते. पण ताम्हाणे थांबत नाहीत, न्यायाधीशांच्या सहलीला नेतात. बाकावर डुलकी घेणाऱ्या न्यायाधीशांना पोरं ओरडून उठवतात, ते एकाच्या थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. काळ्या पडद्यानंतर हे कशासाठी, त्यावर माझ्याकडे दोनच ओळी आहेत, आणि दोन्ही उजव्या बाजूच्या. आज जेवणं झाली की तेवढा तुकडा पुन्हा लावते.