मुद्दाम तळाला जाऊन संघ बांधावा, की समोर दिसतोय तो खेळाडू उचलावा?

डावखुरा: अमेरिकेतल्या बेसबॉल संघाच्या जनरल मॅनेजरने (खेळाडू घेणं-देणं ठरवणारा) 'यंदा जिंकायचंच' हे कधी ठरवावं? माझं मत : संघ अर्धाकच्चा असेल तर सरळ मोडा. ह्युस्टन ॲस्ट्रोस 2011 ते 2013 मध्ये मोसमातल्या 162 पैकी 106, 107 आणि 111 सामने हरले. लोक हसले. पण तळाला राहून 2012 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड, तळाच्या संघांना आधी संधी) पहिला नंबर मिळाला, कोरेया हा पोरगा आला, 2017 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची फायनल, जिंकली. नव्या पोरावर संघाचा साधारण सहा वर्षं ताबा असतो, तोही स्वस्तात. अशी चार-पाच पोरं एकदम तयार झाली की मग तिजोरी उघडायची. 80 विजयांत घुटमळण्यात काय हशील?

खडूस काका: कोरेया आठवला, मार्क ॲपेल नाही? 2013 चा पहिला नंबर तो. ॲस्ट्रोसकडून एक सामना खेळला नाही. शिवाय त्या ट्रॉफीला समोरच्या संघाच्या खुणा (कॅचर पिचरला करतो ते इशारे) चोरल्याचा डाग आहेच. शिकागो व्हाइट सॉक्सनेही 2016 च्या अखेरीस स्टार पिचर क्रिस सेलला दुसऱ्या संघाला देऊन पोरं जमवली. 2020, 2021 मध्ये प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी), दोन्हीदा पहिल्याच मालिकेत गारद. 2024 मध्ये 121 पराभव! तेलही गेलं, तूपही गेलं.

डावखुरा: पोरं चुकीची निवडली म्हणून पद्धत चूक?

मिडविकेट: टेक्सस रेंजर्स बघा. 2021 मध्ये 102 हरले आणि त्याच हिवाळ्यात सीगरला 10 वर्षांसाठी साडेबत्तीस कोटी डॉलर, सेमियनला 7 वर्षांसाठी साडेसतरा कोटी. पुढच्या वर्षी पुन्हा 94 पराभव. आणि 2023 मध्ये चॅम्पियन, फायनलचा सर्वोत्तम खेळाडू सीगरच. असा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) तुमची पोरं पिकेपर्यंत बाजारात थांबत नाही. 80 विजयांना नावं ठेवताय, पण त्या फायनलमधल्या ॲरिझोनाचे विजय होते फक्त 84. आता प्लेऑफला 12 संघ जातात आणि ड्राफ्टच्या पहिल्या सहा नंबरांसाठी लॉटरी असते, म्हणजे तळाला राहूनही पहिला नंबर मिळेलच असं नाही. तळाला जाण्याचा भाव उतरलाय.

डावखुरा: लॉटरीचा मुद्दा मान्य. पण घाईचंही बघा. सॅन डिएगो पॅद्रेसने 2022 मध्ये स्टार बॅटर सोटोसाठी ॲब्रम्स, गोर, वूड ही पोरं देऊन टाकली. 2023 मध्ये 82 विजय, प्लेऑफ हुकलं, डिसेंबरात सोटो यांकीजकडे.

खडूस काका: आणि पॅद्रेस 2022 मध्ये लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत, फायनलच्या एक पाऊल आधीपर्यंत, गेले ते? शिकागो कब्जने 2016 मध्ये पिचर चॅपमनला अर्ध्या मोसमासाठी आणलं, बदल्यात टोरेससारखा पोरगा दिला. 108 वर्षांनी ट्रॉफी आली. टोरेससाठी शिकागोत कोण रडतंय?