आईची झोपेची गोळी सोडवायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार. आई ६८ वर्षांची, सांगलीला एकटी राहते. बाबा गेले तेव्हा झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलम ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिली होती. त्याला आता सहा वर्षं झाली. परवा उशीच्या अभ्र्यात रिकामी पाकिटं सापडली, रबर लावून नीट ठेवलेली. सध्या ती रात्री ०.५ च्या दोन घेते आणि पहाटे जाग आली की आणखी अर्धी. औषध एच-१ यादीतलं आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, तरी ओळखीचा दुकानदार देतो. याचा फार राग येतो.

गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना पडली. कपाळाला चार टाके. मी घाबरून गोळ्या लपवल्या, तर दुसऱ्याच दिवशी हात थरथरायला लागले, घामाने गाऊन भिजला. १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी सांगितलं, एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू कमी करावा लागतो. गोळ्या परत दिल्या.

आता अडलंय ते आईपाशी. "मी काय वेडी आहे का?" म्हणते, डॉक्टरांचं नाव काढू देत नाही. सर्दीला कफ सिरपही घेते, त्यानेही गुंगी येते, ती धास्ती वेगळीच.

कुणाच्या घरी वयस्कर माणसाची गोळी अशी सुटली आहे का? किती महिने लागले? पहिल्या भेटीला कसं तयार केलंत? सांगली-मिरज भागात ज्येष्ठांशी शांतपणे बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया कळवा.