मदत हवी आहे: नवऱ्याचं दारूचं व्यसन आणि घटस्फोट

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. लग्नाला ९ वर्षं झाली, नवरा रोज पितो. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. घरी आला की महिनाभरात पुन्हा तेच. गेल्या आठवड्यात त्याने भाचीचा मातीचा गल्ला फोडून पैसे नेले. पोर खापऱ्या गोळा करत बसली होती. तेव्हा बहीण म्हणाली, "ताई, आता बास."

वाचून एवढं कळलंय की हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये व्यसन हे घटस्फोटाचं वेगळं कारण नाही. त्यापायी झालेला छळ कलम १३ खाली 'क्रूरता' म्हणून सिद्ध करावा लागतो. परस्पर संमतीचा मार्ग आहे, पण तो सही करायला तयार नाही.

मारहाणीची पोलिसांत तक्रार कधी केली नाही, घरची अब्रू म्हणून. मीच तिला थांबवलं होतं, ते आता फार लागतं मनाला. केंद्राचे डिस्चार्जचे कागद, त्याचे रात्रीचे शिवीगाळीचे व्हॉइस मेसेज, शेजारच्या काकूंची साक्ष, एवढ्यावर केस उभी राहते का? कलम २४ ची अंतरिम पोटगी मिळायला तुम्हाला किती दिवस लागले? कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज आधी करावा की सोबतच? विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कोणी घेतला असेल तर अनुभव सांगा. पुढच्या आठवड्यात कोर्टात चौकशीला जातोय.