‘प्रायोगिक’ अल्बम की ‘प्रयोगशील’ अल्बम?

मुक्तलेखणी :
पाश्चात्त्य संगीतावरच्या एका लेखमालेचा अनुवाद मी सध्या करीत आहे. त्यातला एक लेख माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या ‘लव्हलेस’ या दुसऱ्या अल्बमविषयी आहे. हा बँड १९८३ मध्ये डब्लिनमध्ये सुरू झाला, त्याचा पहिला अल्बम ‘इझन्ट एनिथिंग’ १९८८ मध्ये निघाला आणि ‘लव्हलेस’ नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रिएशन या ब्रिटिश कंपनीने प्रसिद्ध केला. लेखाच्या पहिल्याच वाक्यात मी इंग्रजी ‘एक्सपेरिमेंटल’साठी ‘प्रायोगिक अल्बम’ असे लिहिले होते. संपादकांनी तो शब्द खोडून ‘प्रयोगशील’ केला, आणि ‘प्रायोगिक म्हणजे अजून चाचणीच्या अवस्थेत असलेले’ असा शेरा समासात दिला. पुढे गिटारच्या ‘डिस्टॉर्शन’साठी, म्हणजे मुद्दाम बदललेल्या खरखरीत आवाजासाठी, मी ‘विकृत ध्वनी’ हा शब्द योजला होता, त्यावरही त्यांची हरकत आहे. मुख्य प्रश्न पहिल्या शब्दाचा आहे. आपल्याला काय वाटते?

शब्दपारखी :
तुमचा मूळ शब्दच बरोबर होता. ‘शील’ म्हणजे स्वभाव. प्रयोग करणे हा ज्याचा स्वभाव आहे तो प्रयोगशील, म्हणजे हे विशेषण सजीव कर्त्याला शोभते. ‘प्रयोग’ला ‘इक’ प्रत्यय लागून आणि आद्य स्वराची वृद्धी होऊन ‘प्रायोगिक’ सिद्ध होतो, आणि त्याचा अर्थ ‘प्रयोगासंबंधीचा, प्रयोगातून निघालेला’ एवढाच आहे. तेव्हा बँड प्रयोगशील आणि अल्बम प्रायोगिक. यात मतभेदाला जागा आहे असे मला वाटत नाही.

उत्तररात्र :
मतभेदाला जागा आहे. आपण ‘चिंतनशील लेख’ म्हणतो, ‘संवेदनशील चित्रपट’ म्हणतो, आणि लेखाला किंवा चित्रपटाला स्वभाव कोठून आला असे कोणी विचारीत नाही. कर्त्याचा गुण कृतीवर उतरतो, हे भाषेने केव्हाच मान्य केले आहे. उलट ‘प्रायोगिक’ या शब्दाचे आज निदान तीन वेगळे संसार आहेत. शाळेतली प्रायोगिक परीक्षा म्हणजे हाताने करून दाखवायची परीक्षा. एखादी योजना ‘प्रायोगिक तत्त्वावर’ सुरू झाली म्हणजे ती टिकेल की नाही याची खात्री नाही. आणि प्रायोगिक रंगभूमी म्हणजे व्यावसायिक चौकटीबाहेरची रंगभूमी. संपादकांना यातला दुसरा अर्थ आठवला आणि तुम्हांला तिसरा, हा खरा घोळ आहे. रंगभूमीच्या बाबतीत तर ‘प्रयोग’ म्हणजे नाटकाचे प्रत्यक्ष सादरीकरण असाही अर्थ आहे, त्यामुळे छबिलदास शाळेत जी नाटके झाली त्यांना ‘प्रायोगिक’ म्हणताना दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून त्या शब्दाला एक वजन आले. ते वजन अल्बमला आपोआप मिळत नाही. म्हणून मी संपादकांच्या बाजूने आहे, फक्त त्यांनी दिलेले कारण मला पुरेसे वाटत नाही.

तारायंत्र :
शब्दाचा निवाडा करण्यापूर्वी हा अल्बम कसा तयार झाला ते पाहिले तर बरे होईल. ध्वनिमुद्रण १९८९ च्या सुरुवातीला लंडनमधल्या ब्लॅकविंग स्टुडिओत सुरू झाले आणि १९९१ पर्यंत चालले. या काळात एकोणीस स्टुडिओ झाले, कारण बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स याला हवा तसा ध्वनी मिळेना, आणि तो मिळेना म्हणून तो जागा बदलत राहिला. गिटार जवळजवळ सगळी त्यानेच वाजवली, बेसही त्यानेच वाजवला. ड्रमवादक कोल्म ओ’किओसोइग त्या काळात आजारी असल्यामुळे बहुतेक गाण्यांतला ताल त्याच्या वादनाचे तुकडे नमुन्यांसारखे साठवून आणि पुन्हा जुळवून तयार केला गेला. खर्च अडीच लाख पौंडांवर गेला आणि क्रिएशन कंपनी बुडायला आली असे सांगितले जाते, पण शील्ड्सने स्वतः हा आकडा नाकारला आहे. आता मला सांगा, ज्याला प्रयोगशाळेतला प्रयोग म्हणतात तो असा असतो का? प्रयोगात निष्कर्ष आधी ठाऊक नसतो. इथे एक माणूस कानात बसलेल्या आवाजामागे दोन वर्षांहून अधिक काळ लागलेला आहे. याला ‘ध्यास’ म्हणणे अधिक खरे होईल. प्रायोगिक आणि प्रयोगशील हे दोन्ही शब्द मला अपुरे वाटतात.

शब्दपारखी :
‘ध्यासाचा अल्बम’ असे शीर्षक कोणी देणार नाही. इंग्रजीत रूढ झालेली संज्ञा एका विशेषणाची आहे, आणि अनुवादकाला विशेषणच हवे आहे.

निषाद :
मला ‘विकृत’ या शब्दाविषयी बोलायचे आहे, कारण त्यावर सर्वांनी सहज माना डोलावल्यासारखे दिसते. संगीतशास्त्रात शुद्ध आणि विकृत हे स्वरांचे दोन वर्ग आहेत. कोमल ऋषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम हे सारे विकृत स्वर. आमच्या गुरुजींकडे पहिल्याच आठवड्यात हा शब्द कानावर पडला आणि त्यात कसलाही कमीपणा आहे असे आम्हां कोणालाही वाटले नाही, कारण विकृती म्हणजे मूळ स्थानापासून झालेला बदल, इतकाच त्याचा अर्थ. मग गिटारच्या बदललेल्या ध्वनीला ‘विकृत’ म्हणण्यात चूक काय?

उत्तररात्र :
चूक ही की संगीतशास्त्राच्या वर्गाबाहेर हा शब्द आज केवळ निंदेसाठी उरला आहे. वृत्तपत्रात ‘विकृत’ शब्द कोणत्या बातमीत येतो ते आठवा. अनुवाद वाचणाऱ्या माणसाला विकृत स्वर आठवणार नाही, त्याला ती बातमी आठवेल, आणि ‘लव्हलेस’सारख्या अतिशय मृदू, गोड चालींच्या अल्बमविषयी त्याचा पहिला ग्रह चुकीचा होईल. शब्दाचा इतिहास कितीही निर्मळ असला तरी वाचकाच्या कानाला तो ऐकू येत नाही.

निषाद :
मग वाचकाचे कान घडवायचे नाहीत का? प्रत्येक शब्द वृत्तपत्राच्या स्वाधीन केला तर आपल्याकडे उरणार काय? तरीही तुमचा मुद्दा घटकाभर मान्य केला तर मी दुसरा शब्द सुचवतो : जवारी. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासत राहते आणि एकाच षड्जातून अनेक स्वयंभू स्वर उमलतात. कान लावून बसले तर न छेडलेला गंधार ऐकू येतो. ‘टू हिअर नोज व्हेन’ या गाण्यात गिटारच्या थरांतून जे स्वर तरंगताना भासतात, त्यांतले किती प्रत्यक्ष वाजवलेले आहेत आणि किती आपोआप उमटलेले आहेत हे मला आजही सांगता येत नाही. गायकाच्या आवाजाला जवारी आहे असे आपण कौतुकाने म्हणतो. गिटारच्या आवाजाला तसे म्हणायला हरकत काय?

तारायंत्र :
ही सूचना मला मनापासून आवडली, आणि तिला शास्त्राचा आधारही आहे. डिस्टॉर्शनमध्ये ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि त्यामुळे मूळ स्वराच्या पटीतल्या नव्या स्वरांची भर पडते, म्हणजे परिणाम जवारीच्या जातीचाच आहे. पण एक फरक आहे. एकाच वेळी अनेक स्वर वाजत असताना शेंडे छाटले, की त्या स्वरांच्या बेरजा आणि वजाबाक्या होऊन असेही स्वर जन्मतात जे कोणाच्याच पटीत नसतात. खरखर आणि घनता येते ती त्यामुळे. त्याला मी ‘विरूपण’ म्हणेन. ध्वनिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत शोभेल असा हा शब्द आहे, आणि त्यात निंदा नाही.

शब्दपारखी :
‘विरूपण’ उत्तम आहे. ‘विरूप’मध्येही कुरूपतेची छटा आहे हे मात्र लक्षात ठेवावे. ‘जवारी’ एका विशिष्ट वाद्याच्या विशिष्ट क्रियेचे नाव आहे. ते दुसरीकडे नेले की दोन्हीकडचा नेमकेपणा जातो.

निषाद :
नेमकेपणाचा इतका आग्रह असेल तर ज्यांच्याकडून आपण संज्ञा घेतो त्यांचा नेमकेपणाही तपासू. ‘लव्हलेस’च्या आधी याच बँडने ‘ग्लायडर’ आणि ‘ट्रेमोलो’ या नावांच्या दोन छोट्या ध्वनिमुद्रिका काढल्या. शील्ड्स गिटारच्या घोडीला जोडलेला, तारांचा ताण बदलणारा दांडा हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सगळा स्वरसमूह सतत वर-खाली झुकत राहतो, आणि त्या दांड्याला सर्वजण ‘ट्रेमोलो’चा दांडा म्हणतात. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेतली थरथर. स्वराच्या उंचीतला कंप म्हणजे व्हायब्रॅटो. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटार आणली तेव्हा उंची बदलणाऱ्या यंत्रणेला ‘ट्रेमोलो’ नाव दिले, आणि पुढे त्यांच्याच ॲम्प्लिफायरवर तीव्रता हलवणाऱ्या सोयीला ‘व्हायब्रॅटो’. दोन्ही नावे उलटी बसली आणि तशीच रुजली. आज एकही गिटारवादक ती दुरुस्त करायला जात नाही. मग जवारीवरच एवढा कडक पहारा का?

शब्दपारखी :
दुसऱ्याच्या भाषेत चूक रुजली हे आपल्या भाषेत ती रुजवण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट आपल्याकडे या क्रियेसाठी नेमके शब्द तयार असताना ‘ट्रेमोलो’ घेण्याचीही गरज नाही. ‘मींड’ म्हणावे.

निषाद :
इथे मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. मींड एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंत जाते, तिला निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण असते. ‘लव्हलेस’मधला स्वर कोठेही पोहोचत नाही, तो आपल्याच जागेभोवती झुलतो. दरबारी रागातला गंधार जसा आंदोलित असतो, तसे म्हणणे मला जवळचे वाटते. मात्र आपले आंदोलन एका स्वराचे असते आणि इथे सहाही तारा एकदम झुलतात. त्यासाठी आपल्या परंपरेत शब्द नाही, कारण ती गोष्टच आपण केली नाही. एखाद्या ठिकाणी शब्द नसणे ही लाज वाटण्यासारखी बाब नाही.

उत्तररात्र :
हे फार महत्त्वाचे आहे. समीक्षेच्या अनुवादात आपण पुष्कळदा आपल्या संगीतातला जवळचा शब्द चिकटवतो आणि परक्या गोष्टीचे परकेपण पुसून टाकतो. वाचकाला वाटते की हे तर आपल्याला आधीच माहीत आहे, आणि मग तो ऐकत नाही. ‘ट्रेमोलो’ तसाच ठेवावा आणि एका वाक्यात क्रिया सांगावी. ‘आंदोलन’ हा शब्द आज मोर्चा आणि उपोषणाकडे गेला आहे, त्यामुळे तोही एकटा सोडता येणार नाही.

मुक्तलेखणी :
चर्चा अतिशय उपयोगी पडते आहे. आणखी एका ठिकाणी अडलो आहे. मूळ लेखात ‘नॉइझ’ हा शब्द वारंवार येतो. या बँडच्या मैफलींत ‘यू मेड मी रिअलाइझ’ या गाण्याच्या मधोमध कित्येक मिनिटे केवळ प्रचंड, एकसलग आवाज चालत असे, आणि २००८ मध्ये बँड पुन्हा मंचावर आला तेव्हा प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे वाटले गेले. तिथे ‘गोंगाट’ लिहू की ‘कोलाहल’?

शब्दपारखी :
कोलाहल. त्याला भारदस्तपणा आहे.

तारायंत्र :
कोलाहल अनेक तोंडांचा असतो, त्याला गर्दी लागते. गोंगाटात त्रासलेल्या माणसाची तक्रार आहे. मी ‘कल्लोळ’ सुचवतो. संस्कृतात कल्लोल म्हणजे मोठी लाट, आणि त्या आवाजाचे वर्णन अंगावर येणारी लाट असेच करावे लागते. शिवाय मराठीत ‘आनंदकल्लोळ’ही आहे आणि ‘हलकल्लोळ’ही आहे, म्हणजे हा शब्द सुख आणि उत्पात दोन्ही पेलतो. असा शब्द मिळाल्यावर दुसरा शोधू नये.

उत्तररात्र :
मैफलीसाठी ‘कल्लोळ’ योग्य आहे. अल्बमसाठी नाही. अल्बमवरचा आवाज लाटेसारखा अंगावर येत नाही, तो दाट असून मऊ आहे, आणि कमी आवाजात लावला तरी तसाच दाट राहतो. तिथे ‘पोत’ या शब्दाच्या आधाराने लिहावे असे मी सुचवीन : ‘गिटारचा दाट, धुरकट पोत’. आणि बँडची गायिका बिलिंडा बुचर हिच्या गायनासाठी मूळ लेखात काय विशेषण आहे तेही सांगा. तिचे शब्द जाणूनबुजून वाद्यांच्या मागे ठेवले आहेत, त्यामुळे कित्येक ओळी ऐकून उतरवता येत नाहीत. तिथे ‘पुटपुटणे’ आले असेल तर कृपया बदला.

मुक्तलेखणी :
‘पुटपुटल्यासारखे’ असेच लिहिले आहे.

निषाद :
ते अन्यायाचे आहे. पुटपुटणारा माणूस स्वरात नसतो, आणि बुचर प्रत्येक ठिकाणी स्वरात आहे. ‘अस्फुट’ लिहा.

शब्दपारखी :
‘अस्फुट’ म्हणजे न उमललेले, स्पष्ट न झालेले. शब्दांना ते लागू होईल, स्वराला नाही. ‘अस्फुट शब्द आणि स्वच्छ स्वर’ अशी फोड केली तरच मी त्याला मान्यता देईन.

निषाद :
ही फोड मला मान्य आहे, पण ‘स्वच्छ’ नको. तिच्या आवाजावर आवाजाचेच दुसरे पदर चढवलेले आहेत, काही ठिकाणी शील्ड्सचा आणि तिचा आवाज वेगळा काढता येत नाही. त्याला ‘स्वच्छ’ म्हटले तर अल्बमचा अर्धा विचार सुटतो. ‘सुरेल’ म्हणा.

मुक्तलेखणी :
‘सुरेल’ घेतो. पहिल्या वाक्यातले विशेषण अजून रिकामे आहे आणि हस्तलिखित संपादकांकडे लवकरच परत जायचे आहे. ‘प्रायोगिक’ आणि ‘प्रयोगशील’ यांपैकी एकाच्या बाजूने अजून कोणाला काही म्हणायचे असेल तर कृपया लिहावे.

तारायंत्र :
त्याआधी ‘पोत’विषयी एक शंका आहे. तो शब्द आपण कापडाकडून घेतला आहे, आणि कापडाचा पोत हाताला कळतो. गिटारच्या थरांना ‘पदर’ म्हणायचे की ‘थर’, हे ठरल्याशिवाय ‘पोत’ बसेल असे मला वाटत नाही. पदर एकमेकांपासून सुटे करता येतात. ‘लव्हलेस’मध्ये तसे होत नाही.