घरपट्टी दुप्पट आली : हरकत घ्यायची की मोर्चा काढायचा?

माळवदाचं घर :
सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या शहरात नवी चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी करायची, कर आकारणी झाली. आमची घरपट्टी ३,१०० वरून ७,४०० रुपयांवर गेली. गल्लीत मोर्चाची भाषा सुरू आहे. मला ते पटत नाही. मोर्चानं कुणाच्या घराचं माप बदलत नाही.

मी आधी आकारणीचा उतारा काढला. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, भिंती दगडमातीच्या, आणि नोंद 'आरसीसी'! मधलं उघडं अंगणही बांधकामात धरलेलं. त्यात बिलावर रोजगार हमी कर. तो फक्त बिगरनिवासी मालमत्तेला लागतो. म्हणजे पुढच्या खोलीतली आईची पिठाची गिरणी, जी सहा वर्षांपासून बंद आहे, ती कागदावर अजून चालूच. उतारा न बघता ओरडून काय उपयोग? मुदतीत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे हरकत अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.

पूर्व भागातला मागवाला :
भाऊ, तुमच्याकडं चूक सापडली म्हणून तुमचं जमलं. मी सोलापूर शहरातला. माझं माप बरोबर, वापर बरोबर, तरी पट्टी वाढलीच. दरच वाढवलेत, त्याला हरकत काय घेणार? नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे अर्जात लिहिलं तर सुनावणीत कोण ऐकणार? सुनावणीला जायचं म्हणजे माग बंद ठेवायचा, दिवसाची मजुरी बुडवायची. अपिलात जायचं तर मागणीची रक्कम आधी भरा म्हणतात. हातावर पोट असलेल्यानं पैसे कुठनं आणायचे ओ? आमच्यासारख्यांनी एकत्र जाऊन कार्यालयाच्या दाराशी बसणं हाच मार्ग.

माळवदाचं घर :
दादा, हरकत वेगळी आणि अपील वेगळं. रक्कम अपिलाला भरावी लागते, हरकतीला नाही. आणि मुदतीत हरकतच घेतली नसेल तर पुढं अपील टिकत नाही. म्हणून म्हणतो, मोर्चाच्या नादात ती तारीख हुकवू नका.

निवृत्त कर लिपिक :
दुसऱ्या एका गावात मी हेच काम केलं. माझं मत तुम्हा दोघांनाही आवडणार नाही. घराचं वर्षाचं भाडं किती येऊ शकेल ते धरायचं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर बसतो ती रक्कम. त्यात 'परवडत नाही' याला जागाच नाही. हरकतींमध्ये मी निम्म्याहून जास्त वेळा वाचलेलं वाक्य एकच : "शेजाऱ्याला कमी, मला जास्त." मग फेरमोजणी व्हायची आणि शेजाऱ्याचा वरचा पत्र्याचा मजला सापडायचा. वाढायची ती शेजाऱ्याची पट्टी, अर्जदाराची होती तेवढीच राहायची. गटारी, दिवाबत्ती, सफाई कामगारांचा पगार यातनंच होतो, हेही बोला. आणि वाद चालू आहे म्हणून भरणा थांबवू नका, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो.

पूर्व भागातला मागवाला :
साहेब, कायद्यात दर चार वर्षांनी फेरआकारणी आहे ना? कार्यालयानं ती वर्षानुवर्षं केली नाही आणि सगळी वाढ एकदम आमच्या अंगावर टाकली. उशीर त्यांचा, बोजा आमचा. हे सूत्र सांगून मिटत नाही.

निवृत्त कर लिपिक :
हे मात्र खरं आहे. वेळेवर झाली असती तर टप्प्याटप्प्यानं वाढली असती. त्या उशिराचं समर्थन मी करणार नाही.

माळवदाचं घर :
माझी सुनावणी काल झाली. अंगण वगळलं, रोजगार हमी कर काढला. गिरणीचा वीजजोड तोडल्याचा कागद जोडला होता, तोच कामी आला. माळवदाबद्दल अभियंता येऊन बघणार आहेत. सध्या आकडा ४,९०० वर आलाय.

पूर्व भागातला मागवाला :
बरं, ऐकतो तुमचं. उद्या गल्लीतल्या अकरा घरांचे उतारे काढतो. तीन घरांत माग कधीच विकलेत, बिलं अजून कारखान्याची येतात, त्यांचे अर्ज आधी. पण दरवाढीचं भांडण मी सोडत नाही. सोमवारी अर्ज द्यायला अकराही घरांतली माणसं सोबत येणार.