मारहाण बघत वाढलेल्या मुलाच्या मेंदूतली कनेक्शन्स कायमची बिघडतात का?

सांगलीची_मामी
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. माझ्या नणंदेचा मुलगा, वय ७, दिवाळीपासून आमच्याकडे राहतोय. घरी वडलांचं पिणं आणि ताईंना मारणं, पोराने सगळं डोळ्यांनी बघितलंय, कधीकधी त्याच्याही अंगावर आलंय. ताई आता पुण्यात नोकरीला लागल्यात, खोली वगैरे बघतायत, तोवर तो इथल्या शाळेत जातो. तर होतं असं की कुणी जरा आवाज चढवला, दार आपटलं की तो एकदम गप्प होतो आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. अभ्यासात लक्ष नाही म्हणून बाईंची तक्रार आहेच. त्यात परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला की लहानपणी असं काही झालं की मेंदूचं वायरिंगच बदलतं, अमिग्डाला आणि पुढच्या मेंदूचं कनेक्शन तुटतं आणि ते परत जुळत नाही. सासूबाई तेव्हापासून एमआरआय काढूया म्हणून मागे लागल्यात आणि मला रात्री झोप नाही. हे खरंच कायमचं असतं का? आणि आम्ही आता एवढं जीव लावून करतोय त्याने आत मेंदूत काही फरक पडतो का, की उशीर झालाय?

स्कॅनरूम
मामी, मी ब्रेन इमेजिंगच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून आधी एमआरआयचं सांगतो, काढू नका. दवाखान्यातला एमआरआय गाठ, रक्तस्राव, इजा असलं बघतो, त्यात हे दिसतच नाही. रिसर्चमध्ये कनेक्टिव्हिटी म्हणतात ती दोन तऱ्हेची, एक म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या पांढऱ्या द्रव्यातले खरेखुरे तंतू, आणि दुसरी म्हणजे मेंदूच्या दोन भागांचं काम एकाच वेळी वरखाली होतं का याचा हिशोब. दुसरी इतकी नाजूक असते की पोराने डोकं जरा हलवलं तरी आकडे बदलतात. आणि सगळे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे असतात, एका मुलाचं स्कॅन बघून याचं पुढे काय होणार हे जगात कुणीही सांगू शकत नाही.

आता "तुटतं" याबद्दल. लहान मुलांत अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग बरोबरच वरखाली होतात. साधारण दहा वर्षांच्या आसपास हे उलटं होतं, प्रीफ्रंटल वर गेला की अमिग्डाला शांत, मोठ्या माणसांसारखं. डिलन गी आणि निम टॉटनहॅम या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अनाथालयात राहून मग दत्तक गेलेली मुलं तपासली तर त्यांच्यात हा मोठ्यांसारखा पॅटर्न लहान वयातच आलेला होता. म्हणजे तुटलेलं काही नव्हतं, उलट सांभाळणारं कुणी जवळ नसल्याने मेंदूने ते काम लवकर स्वतःकडे घेतलं असावं असा त्याचा अर्थ लावतात. आणि त्या मुलांमध्येही ज्यांच्यात हा पॅटर्न होता त्यांची चिंता बाकीच्यांपेक्षा कमी होती, अर्थात गट म्हणून बघितलं तर अनाथालयातल्या मुलांची चिंता कधीच तिथे न राहिलेल्या मुलांपेक्षा जास्तच.

भाच्याच्या जवळ जाणारं काम लंडनचं आहे, इमन मॅक्रोरी, २०११. घरात हिंसा सोसलेल्या मुलांना स्कॅनरमध्ये रागीट चेहरे दाखवले तर अमिग्डाला आणि इन्सुला (हाही धोक्याची चाहूल घेणारा भाग) जास्त पेटले, युद्धावरून आलेल्या सैनिकांत दिसतं तसं. यातल्या एकाही मुलाला मानसिक आजाराचं निदान झालेलं नव्हतं हे लक्षात घ्या. तो तोंडाकडे बघत बसतो ना, तेच हे. त्या घरात कुणाचा चेहरा कधी बदलतो हे आधी ओळखणं त्याला गरजेचं होतं, मेंदू ते शिकला.

सांगलीची_मामी
स्कॅनरूम दादा, खूप खूप आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं. पण मग जीव लावण्याने फरक पडतो याचा काही पुरावा आहे का, की आपण आपलं मनाचं समाधान?

बालगृह_समुपदेशक
पुरावा आहे आणि चांगला भक्कम आहे. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, लोकांना झेपेनात इतकी मुलं झाली आणि १९८९ मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा लाखाच्या वर मुलं सरकारी संस्थांत होती. खायला मिळायचं पण उचलून घ्यायला कुणी नाही. २००० नंतर नेल्सन, फॉक्स आणि झिआना या तीन अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ बाळं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवड करून अर्धी पालक कुटुंबांत पाठवली, अर्धी होती तशीच संस्थेत. त्या काळात तिथे पालक कुटुंबाची सोय जवळजवळ नव्हतीच, तरी मला हे वाचताना दर वेळी मागे राहिलेल्या मुलांसाठी तुटतं, आमच्या संस्थेतले चेहरे समोर येतात. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा बुद्ध्यांक साधारण ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि कधीच संस्थेत न गेलेल्या मुलांचा १०९. पुढे आठ-दहा वर्षांची झाल्यावर एमआरआय केले तर करडं द्रव्य, म्हणजे पेशींचा भाग, दोन्ही गटांत कमीच, पण पांढरं द्रव्य, म्हणजे जोडणाऱ्या तारांचा भाग, कुटुंबात गेलेल्या मुलांत कधीच संस्थेत न गेलेल्यांपेक्षा वेगळं सांगता येणार नाही इतकं भरून आलेलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, तर आठव्या वर्षी नेहमीच्या मुलांसारखा होता.

खरं_ते_बोला
सगळं गोड दाखवू नका. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या रोमानियन मुलांचा मायकल रटर या मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेला अभ्यास बघा, चांगल्या घरांत वीस वर्षं वाढली तरी २०२० च्या स्कॅनमध्ये त्यांचा मेंदू सरासरी ८.६ टक्के लहान निघाला. मामींना खोटी आशा देण्यात काय अर्थ आहे.

बालगृह_समुपदेशक
बरोबर आहे, आणि ते लपवायचं कारणच नाही. पण त्याच अभ्यासात सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं मोठेपणी इंग्लंडमधल्याच दत्तक मुलांसारखी होती, आणि उशिरा बाहेर पडलेल्यांतलीही साधारण पाचातली एक कधीच मानसिक त्रासात गेली नाही. शिवाय ती टोकाची उपेक्षा होती. उपेक्षा आणि धाक या दोन गोष्टींचा मेंदूवर परिणाम वेगळा होतो, मॅक्लॉफ्लिन आणि शेरिडन या संशोधकांनी हे फार नीट मांडलंय. या मुलाला आई होती, ती बोलायची, जवळ घ्यायची, त्याच्या वाट्याला आला तो धाक. रोमानियाचे आकडे उचलून जसेच्या तसे त्याच्यावर लावू नका.

स्कॅनरूम
याला धरूनच, २०१४ मध्ये गी यांनीच साध्या घरांतल्या मुलांना स्कॅनरमध्ये आईचा फोटो आणि परक्या बाईचा फोटो दाखवला. आईचा फोटो असताना लहान मुलांचा अमिग्डाला शांत राहिला आणि प्रीफ्रंटलशी त्याचं कनेक्शन मोठ्यांसारखं झालं, तेवढ्यापुरतं. किशोरवयीनांत हा फरक दिसला नाही. सात वर्षं हे वय अजून त्यात बसतं, म्हणून म्हणतो ताई दूर असल्या तरी रोजचा व्हिडिओ कॉल ठरल्या वेळी होऊ द्या, तो चुकवू नका.

आजोळचा_पोरगा
मी असाच मामाकडे वाढलो, आज चाळिशीत आहे. मामी, माझ्या मामाने एक केलं, घरात जे ठरलं ते ठरल्या वेळेला व्हायचं, जेवण, झोप, शाळेत सोडणं, आणि कुणाला उशीर होणार असला तर मला आधी सांगायचे. मला सगळ्यात जास्त त्याचाच आधार वाटला, लाडाकोडापेक्षाही. दचकणं पुरतं गेलं नाही, पण पोटातला गोळा गेला. हवाई बेटांत काउआईवर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये जन्मलेली ६९८ मुलं पुढे कित्येक वर्षं बघितली, त्यात हलाखीतल्या मुलांपैकी जी एकतृतीयांश नीट उभी राहिली त्यांच्या आयुष्यात एक तरी खात्रीचं मोठं माणूस होतं, आजी, मावशी, शेजारी, शिक्षिका, कुणीही. मी ते वाचलं तेव्हा मामाला फोन केला होता.

बालगृह_समुपदेशक
मामी, शाळेच्या बाईंना घरची थोडी कल्पना द्या, सगळं सांगायची गरज नाही, पण वर्गात ओरडणं टाळा आणि त्याला दाराकडे तोंड असलेल्या जागी बसवा एवढं बोला. दचकणं, झोपेत ओरडणं कमी होत नसेल तर लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला दाखवा, ट्रॉमासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी बोलून करायची थेरपी, या वयात चालते आणि तिच्यात घरच्यांनाही बसवून घेतात. कुणाला विचारायचं सुचेना तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. आणि वडील येऊन दमदाटी करायला लागले तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ लावा, थांबू नका. खर्चाचं ओझं असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा, ताईंनाच जायला सांगा, मुलाचं आधार, शाळेचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर असू द्या.

सांगलीची_मामी
सोमवारी बाईंना भेटते. बालसंगोपनचं माहीतच नव्हतं, ताई शनिवारी येतायत तेव्हा कागद गोळा करतो.