सायकलला बिनकंपनीचा टायर टाकावा का? पुढच्या चाकाला तरी नाहीच

चाकोरी
‘टायर म्हणजे टायर, त्यात कंपनी काय बघायची?’ असं सायकल चालवणारी चांगली जाणती माणसंही म्हणतात, म्हणून हा धागा.

बिनकंपनीचा म्हणजे काय ते आधी स्पष्ट करतो. ज्याच्या बाजूवर बनवणाऱ्याचं नाव नाही, मिलिमीटरमधलं माप नाही, जास्तीत जास्त हवा किती भरायची तो आकडा नाही, असा टायर. किंवा नाव छापलंय, पण ते कोणाचं हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, असा. स्वस्त टायरला माझी हरकत नाही. हरकत आहे ती निनावी टायरला.

चाकावर ५० किलो भार आणि हवेचा दाब ३.५ बार धरला, तर टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर. थांबणं, वळणं, सावरणं सगळं एवढ्याशा रबरावर. त्यातही जोरात ब्रेक दाबला की भार पुढे येतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागचा टायर फुटला तर सायकल डगमगते, पण बहुतेक वेळा सावरता येते. पुढचा फुटला तर हँडल आपलं ऐकत नाही.

टायर म्हणजे आत नायलॉनच्या धाग्यांचं कापड, दोन्ही कडांना पोलादी तार आणि वर रबर. पैसे वाचवायचे तर तिन्हीकडे वाचवता येतात. धागे विरळ ठेवायचे, रबरात स्वस्त भराव वाढवायचा, तारेचा घेर नीट जुळला नाही तरी माल पुढे पाठवायचा. नवा टायर हातात घेऊन यातलं जवळजवळ काहीच कळत नाही. कळतं ते वापरताना, आणि तेव्हा जाब विचारायला कोणी नसतं. म्हणून माझं मत ठाम आहे: पुढच्या चाकाला निनावी टायर टाकू नये.

पंक्चरपट्टी
मी दुरुस्तीचं काम करतो आणि मला हे पटत नाही. पुढच्या चाकाबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण माझ्याकडे येणारे टायर खराब मालामुळे मेलेले नसतात. ते मरतात कमी हवेमुळे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, धागे तुटत जातात, बाजूला भेगा पडतात. खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मग माणूस म्हणतो, टायर फालतू होता. दुसरं कारण ब्रेकचं रबर. ते रिमऐवजी टायरच्या बाजूला घासत राहतं आणि बाजू कापली जाते. तिसरं, रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि आऱ्याचं डोकं ट्यूबला आतून टोचतं. यात टायरचा काय दोष?

आणि कितीतरी सायकली वर्षातले बरेच महिने नुसत्या उभ्याच असतात. ऊन आणि हवेतला ओझोन रबर फाडायचं काम करतच राहतात, मग बाजूवर कोणाचंही नाव असो. अशा सायकलला महागडा टायर टाकायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. साधा टायर टाका, दर आठवड्याला हवा बघा, तो तुम्हाला पुरून उरेल. बिनकंपनीचे टायर वर्षानुवर्षं चाललेले मी पाहिलेत, नक्षी अजून शाबूत.

दोनचाकी
नक्षी अजून शाबूत, हेच मला काळजीचं वाटतं. रबर जितकं कडक तितकं ते कमी झिजतं आणि तितकंच ओल्या रस्त्यावर कमी पकडतं. चांगल्या कंपन्या कार्बन ब्लॅक व सिलिका हे भराव आणि रबर यांचं प्रमाण जुळवण्यात एवढी मेहनत घेतात, कारण टिकाऊपणा आणि पकड एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. नुसतं टिकाऊ रबर बनवणं सोपं. पावसात रंगवलेल्या पट्ट्यावर किंवा लोखंडी झाकणावर चाक आलं की कडक रबर म्हणजे काय ते समजतं.

टायर नक्षी बघून घेणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं. खोल नक्षी चिखलात आणि मातीत कामाची. डांबरी रस्त्यावर ती पाणी कापत नाही, कारण सायकलचा टायर इतका अरुंद आणि इतका टणक फुगलेला असतो की नेहमीच्या वेगाला तो पाण्यावर तरंगतच नाही. पक्क्या रस्त्यावर नक्षीचे मोठमोठे गोटे उलट टेकणारं रबर कमी करतात. निनावी टायर बघा, बहुतेकांची नक्षी भरगच्च असते. कारण विकताना नक्षी दिसते, रबराचा दर्जा दिसत नाही.

धाकट्याची आई
लहान मुलांच्या सायकलला तरी चालेल ना? दोन-तीन वर्षांत ती सायकल लहान पडते. तेवढ्यासाठी चांगल्या कंपनीचा टायर घ्यायचा म्हणजे पैसे वाया घालवणं वाटतं.

चाकोरी
ताई, वेग कमी आणि वजन कमी, त्यामुळे धोका कमी हे मान्य. पण तिथे मापाची वेगळीच भानगड आहे. ‘१६ इंची’ म्हणून विकले जाणारे टायर ३०५ मिलिमीटरच्या रिमसाठीही असतात आणि ३४९ च्याही. २० इंचीत ४०६ आणि ४५१. मोठ्यांच्या २६ इंचीत तर ५५९, ५७१, ५८४, ५९०, ५९७ असे कितीतरी व्यास एकाच नावाखाली फिरतात. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/८ वाचायला सारखे वाटतात, पण पहिला ५५९ चा आणि दुसरा ५९० चा, एकमेकांच्या रिमवर बसायचेच नाहीत. म्हणून बाजूवर ४७-३०५ असा आकडा हवा, पहिला रुंदीचा आणि दुसरा रिमवर बसायच्या व्यासाचा. तुमच्या जुन्या टायरवरचा आकडा टिपून घ्या. नव्यावर नुसतं ‘१६’ लिहिलं असेल तर घेऊ नका.

आकडेमोड
पैशांचाच हिशोब करायचा तर पायांचाही करा. टायर फिरताना सतत दबतो आणि सुटतो, त्यात ताकद वाया जाते. चांगल्या टायरचा रोलिंग गुणांक (वजनाच्या किती पट जोराने फिरता टायर अडवतो तो आकडा) ०.००५ आणि जाड, कडक टायरचा ०.००८ धरू. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, वेग ताशी २० किलोमीटर. फरक येतो जवळपास १५ वॉटचा. रमतगमत सायकल चालवणारा माणूस एकूण ८०-१०० वॉट लावतो. म्हणजे ताकदीचा साधारण सहावा हिस्सा हा फरकच खातो, रोज, प्रत्येक किलोमीटरला.

पंक्चरपट्टी
हिशोब बरोबर, पण तुम्ही चांगल्यातला चांगला आणि वाईटातला वाईट टायर घेतलात. शिवाय ताशी १२ च्या वेगाला तोच फरक ९ वॉटवर येतो. आणि हलके, झटकन पळणारे टायर पातळ असतात. काटे आणि काचा असलेल्या वाटेवर ते कापले जातात, तिथे जाड रबराचा साधा टायर ट्यूब वाचवतो. एका इंचात १२० धागे असले म्हणजे पंक्चर होत नाही, असं नाही. धागे बारीक, टायर मऊ आणि वेगवान, एवढाच त्याचा अर्थ. पंक्चर अडवायला नक्षीखाली वेगळा थर लागतो.

ओझंवाहू
मी कॅरियरवर रोज सामान वाहतो. माझा अनुभव मागच्या चाकाचा. निनावी टायरची बाजू फुगून आली, फुग्यासारखी, आणि चाक फिरताना तो फुगा चाक धरणाऱ्या चिमट्याला घासायला लागला. हवा बरोबर होती, ब्रेकचं रबर लागत नव्हतं. आतले धागेच तुटले होते. दुसऱ्या निनावी टायरला वेगळाच त्रास, तार सैल. कितीही नीट बसवा, एका बाजूने रिमच्या वर चढायचा आणि चाक उड्या मारायचं. वजन वाहणाऱ्यांनी तर मागच्या चाकालाही असला टायर टाकू नये. पुढचं-मागचं हा भेद रिकाम्या सायकलवाल्यांचा.

दोनचाकी
पण मग नाव असलं की झालं, असंही नको. जर्मन म्हणून ओळखले जाणारे श्वाल्बेचे टायर इंडोनेशिया आणि व्हिएतनाममध्ये बनतात आणि उत्तम असतात. कारखाना कुठे आहे यावर दर्जा ठरत नाही. तो ठरतो कोण तपासतंय आणि कोण जबाबदारी घेतंय यावर. उलट नावाजलेल्या कंपनीचा पण वर्षानुवर्षं उन्हात टांगलेला टायर घेऊन तुम्ही फसू शकता. बाजू बोटांनी दुमडून बघा, बारीक भेगा दिसल्या तर नाव विसरा.

चाकोरी
याच्याशी पूर्ण सहमत. म्हणून मला वाटतं, लोक चुकीची तुलना करतात. निनावी टायर समोर ठेवतात आणि त्याच्या शेजारी शर्यतीचा महागडा टायर. खरी तुलना निनावी टायरची आणि माहितीतल्या कंपनीच्या सगळ्यात साध्या, तारेच्या कडेच्या टायरची. तोही जाड असतो, पंक्चर बऱ्यापैकी सोसतो, आणि त्यावर माप व दाब छापलेला असतो. किमतीतला फरक तिथे बहुधा थोडाच उरतो. पंक्चरपट्टी, तुम्ही ज्या ‘साध्या टायर’ची बाजू घेताय तो हाच असेल, तर आपलं भांडणच नाही.

पंक्चरपट्टी
काही वेळा तोही मिळत नाही हो. जुन्या सायकलींच्या ६३५ च्या मापाला हातात येईल तो टायर घ्यावा लागतो. माणसाला उद्या कामावर जायचं असतं. मग मी काय करतो ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. टायर घडीतून सोडून सपाट ठेवतो, पीळ जात नसेल तर परत करतो. आतून हात फिरवून धागे उघडे पडलेत का बघतो. बसवल्यावर निम्मी हवा भरून चाक फिरवतो. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. मगच पूर्ण हवा. भरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी फुगवटा शोधतो. एवढ्यातून पास झालेला टायर मी बिनधास्त पुढे टाकतो, कारण नवा टायर पुढे आणि पुढचा जुना मागे, हा आमचा नियम.

चाकोरी
तपासणी उत्तम आहे, ती सगळ्यांनी करावी. पण नियम इथे लावू नका. तो नियम दोन्ही टायर भरवशाचे असतील तेव्हाचा. रात्रभर उभ्या चाकात हवा टिकली, यावरून ओल्या उतारावर ब्रेक दाबल्यावर रबर काय करेल हे कळत नाही. पुढे अर्धा झिजलेला पण माहितीतल्या कंपनीचा टायर असेल, धागे दिसत नसतील, बाजूला भेगा नसतील, तर तो तिथेच राहू द्या. निनावी नवा टायर मागे टाका.

ओझंवाहू
आणि कॅरियरवर वजन असेल तर?

चाकोरी
तर मागेही नको. भरवशाचा टायर मिळेपर्यंत सामान कमी न्या.